उजवा डोंगर, डावा डोंगर

समोरून कुणीतरी येत होतं.

आमच्या डोंगरावर समोरून कुणी येत नाही. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा आणि चालत सुटायचं, असंच सगळं गाव फेरा घालतं. कुत्रीसुद्धा. मागचा पुढे जाईल, पुढचा मागे पडेल, पण तोंडासमोर तोंड म्हणून यायचं नाही. आणि हा तर धुक्यातून सरळ माझ्यावरच चालून येत होता. डोक्यावर लोकरीची टोपी, खांद्यावर काठीसारखी टाकलेली छत्री, आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. म्हटलं, हा कोण शहाणा?

झऱ्याच्या अलीकडे वाट इतकी अरुंद आहे की याकलासुद्धा अंग चोरून जावं लागतं. तो दरीच्या बाजूला सरकला आणि मला वाट करून दिली. मी बोलणार नव्हते, पण राहवलं नाही.

"उलटे आलात."

"मला तर तुम्हीच उलट्या दिसताय," तो म्हणाला, आणि हसत पुढे निघून गेला.

मला मागे वळून बघायचं नव्हतं. बघितलं.

मग डोक्यात प्रकाश पडला... हा बोन पंथाचा. डोंगराच्या मागच्या अंगाला त्यांचा गोंपा, म्हणजे मठ, आहे. माणसं आमच्यासारखीच, दिवे लावतात, फेरे घालतात, फक्त डोंगर डाव्या हाताला ठेवून. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे. भांडण नाही, पण सोयरीकही नाही. आता तिथे तीन म्हातारे भिक्षू उरलेत आणि तिघांचेही गुडघे केव्हाच गेलेत, त्यामुळे समोरून माणूस यायची आमची सवयच मोडली होती.

माझे पाला, म्हणजे वडील, जाऊन तेव्हा चाळीस दिवस झाले होते. एकोणपन्नास दिवस गेलेल्याचा जीव वाट शोधत असतो, म्हणून मी लामांसमोर शब्द दिला होता की रोज दोन फेरे घालीन. वाटेत बसायचं नाही, थांबायचं नाही, मागे फिरायचं तर नाहीच. शेवटच्या दिवशी दुपारी गोंपात पालांच्या नावाचा कागद जाळतात, त्याच्या आत शेवटचा फेरा पुरा व्हायला हवा. पाला गेले तेव्हा मला दुसरं काही सुचलं नव्हतं. पाय तेवढे शिल्लक होते.

आमची पाणचक्की आहे. सातू भाजायचे, दळायचे, गावाला पीठ द्यायचं. पाला होते तोवर जात्याच्या घरघरीवर आवाज चढवून आम्ही दिवसभर भांडायचो. मीठ कुणी संपवलं, दार कुणी उघडं टाकलं. आता जातं तेवढंच घरघरायचं. संध्याकाळी पाणी वळवलं की घर खायला उठायचं. एक-दोनदा मी चक्कीशीच मोठ्याने भांडले आणि मग माझीच मला लाज वाटली. पाला शेवटी शेवटी म्हणायचे, माझ्यामागे तू भिंतींशी बोलत बसशील. मी म्हणायचे, भिंती निदान उलट उत्तर देत नाहीत. किती मूर्ख असतं ना माणूस.

तर हा समोरून येणारा... त्याचं नाव शेनफेन. चार दिवसांच्या वाटेवरच्या कुठल्याशा खोऱ्यातला आचारी. शहरातली काही मंडळी आमच्याकडे डोंगर चढायला, वरची तळी बघायला आली होती, त्यांच्याबरोबर आला होता. पण शेवटच्या घराच्या वर ओझी वाहायची आणि चूल पेटवायची ती आमच्याच गावाने, आळीपाळीने. हा आमचा नियम कुणासाठी मोडत नाही. मंडळी वर गेली आणि आचारी खाली अडकला. बोन म्हणून मागच्या गोंपात उतरला, आणि करायला काही नाही म्हणून फेरे घालायला लागला.

तो उगवतीला तिकडून निघायचा, मी इकडून. मी उजवीकडे, तो डावीकडे. त्यामुळे एका फेऱ्यात आम्ही दोनदा समोरासमोर यायचो. एकदा पश्चिमेला धुपाच्या झाडांत, एकदा पूर्वेला झऱ्यापाशी. दोन फेऱ्यांच्या चार भेटी. थांबायचं नाही हा माझा नेम त्याला भिक्षूंकडून कळला होता, म्हणून तोही थांबायचा नाही. जाता जाता एक वाक्य... बस.

धुपाच्या झाडांत तो म्हणाला, "मला तुमच्या गावात चूल का पेटवू देत नाहीत?"

उत्तराला माझ्याकडे अर्धा डोंगर होता. झऱ्यापाशी मी म्हणाले, "सगळ्यात मिरं घालता म्हणून."

पुढच्या फेऱ्याला झाडांत, "कुणी सांगितलं?"

आणि झऱ्यापाशी, "तुमच्या आधी तुमच्या बाह्यांचा वास पोचतो."

एवढ्याशा बोलण्याला आख्खी सकाळ लागली. पण खरं सांगू, चाळीस दिवसांत माझं कुणाशी इतकं बोलणं झालं नव्हतं. लोक यायचे, हळू आवाजात दोन शब्द बोलायचे आणि उठायचे. दुखवट्याच्या घरात कुणी वाद घालत नाही. आणि मला तर वादाची भूक लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून भेटीची जागा जवळ आली की आमचे पाय जड व्हायला लागले. थांबत नव्हतो, शपथेवर सांगते. पण गोगलगाय बघून हसली असती. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्या हातात गरम फडकं ठेवलं, आत भाजलेली पोळी होती, कांदा-मटण भरलेली. आणि मिरं. डोळ्यांत पाणी आलं इतकं मिरं. अर्ध्या डोंगरानंतर फडकं परत केलं तेव्हा त्यात सुकलेल्या चीजचे दोन खडे बांधले होते. बोटाला बोट लागलं असेल-नसेल. पण मग घरापर्यंतची वाट कधी सरली मला कळलंच नाही.

झऱ्यापाशी पुत्रीआजी बसायची. ऊन वर आलं की यायची, प्रार्थनाचक्र फिरवत दिवस काढायची. तिला दिसायचं कमी, पण तिच्या कानावरून काही सुटायचं नाही. एकदा मी पुढे जाताना ती आपल्या चक्राला म्हणाली, "फेरा बापासाठी, आणि वेणी कुणासाठी गं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वेणी खरंच नवी घातली होती.

सहाव्या दिवशी गारा आल्या. मी झाडांत पोचले तेव्हा झोडपून निघाले होते. तो समोरून आला, उघडी छत्री माझ्या हातात दिली आणि तसाच पुढे गेला. मी मागून ओरडले की मला नको, पण वारा इतका होता की माझं मलाच ऐकू आलं नाही. अर्धा डोंगर मी त्याच्या छत्रीखाली चालले आणि तो गावाच्या अंगाने उघडा चालला. झऱ्यापाशी भेटला तेव्हा टोपीवर, भुवयांवर पांढऱ्या गारा, ओठ निळे. आणि हसत होता.

"तू वेडा आहेस," मी म्हणाले.

तोंडातून गेलं ते गेलं. तो पुढे गेला. पुढच्या भेटीला जवळून जाताना म्हणाला, "आता परत 'तुम्ही' म्हणू नकोस..."

त्यानंतर आमचं बोलणं बदललं. थट्टा कमी झाली. त्याने सांगितलं की त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली, घराला कुलूप आहे. महिन्यातले वीस दिवस तो वाटेवर असतो, ज्यांची नावं ठाऊक नाहीत अशांना रांधून घालतो, आणि सगळ्यांचं झालं की गार झालेलं आपण खातो. हे सांगायला त्याला चार भेटी लागल्या. मी त्याला चक्कीचं सांगितलं. भांडले ते सुद्धा. मला वाटलं हसेल. अर्ध्या डोंगरानंतर त्याने विचारलं, "मग जिंकलं कोण?" आणि मला त्या अरुंद वाटेवर एकटीला इतकं हसू आलं, की पाला गेल्यावर पहिल्यांदा मी हसतेय हे पार पुढे गेल्यावर लक्षात आलं. मग रडूही आलं.

अठ्ठेचाळिसावा दिवस. दिवसाची शेवटची भेट. तो आला तोच गंभीर. मी जवळ पोचले, आणि पहिल्यांदाच तो निघून गेला नाही. मला थांबता येत नव्हतं म्हणून तो माझ्याकडे तोंड करून, मागे मागे सरकत, माझ्याबरोबर चालला. खाली दरी.

"उद्या मंडळी उतरतायत. दुपारी गाडी निघते," तो म्हणाला. "पाल्झोम, मी राहू की जाऊ? आत्ता नको सांगूस. उद्या सांग."

आणि बाजूला सरकून आपल्या वाटेने गेला. गुणगुणत नव्हता.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सगळा विचार करून झाला. गाव काय म्हणेल, बोनाशी सोयरीक कुणी केली आहे का, आणि हा राहून करणार काय, सातू दळणार? त्याच्या पिठातसुद्धा मिरं असेल. उजाडता उजाडता माझं उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक, अटी-बिटी घालून. नवी वेणी घातली, आणि यावेळी पुत्रीआजीची लाज वाटली नाही.

गोंपात पालांची शेवटची पूजा सुरू झाली होती. मी निघाले. धुपाच्या झाडांपर्यंत जवळजवळ पळतच गेले.

तो नव्हता.

उशीर झाला असेल म्हणत पाय ओढत चालले. झाडं संपली. मागचा गोंपा आला, अंगणात मंडळींचं सामान बांधून ठेवलेलं, गाडी उभी. झरा आला. तिथेही नाही. आजीसुद्धा अजून आली नव्हती. पहिला फेरा झाला. दुसऱ्या फेऱ्याला झाडांत मी पुढचं वळण येईपर्यंत डोळे मिटून चालले, वळणावर उघडले. रिकामी वाट. झाडांवरच्या पताका तेवढ्या फडफडत होत्या.

मग मला राग आला. विचारायचं आणि तोंड लपवायचं? जाणारच होता तर मुकाट्याने जायचं होतं. माझं काय, मी चक्कीशी भांडून दिवस काढत होतेच. रागाने मी इतकी भराभर चालले की घशाला कोरड पडली. आणि रागाच्या खाली जे होतं त्याच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. ते असं होतं, की आता परत संध्याकाळ होणार होती.

झऱ्यापाशी पुत्रीआजी बसली होती.

"काय गं, भांडलात का?" तिने विचारलं.

मी चाल तेवढी मंद केली.

"मग त्या बोनाला झालंय काय? मघाशी इथून गेला, आपल्या गावासारखा. डोंगर उजवीकडे. मी म्हटलं, अरे बाबा, तुझे म्हातारे सोलून काढतील तुला. तर म्हणतो, आजी, पाल्झोम दिसली का? मी म्हटलं, मला कोण दिसतं?"

माझे पाय जमिनीला खिळले. एकोणपन्नास दिवसांत पहिल्यांदा मी वाटेत उभी राहिले.

तो वळला होता. माझ्यासाठी वळला होता. आणि म्हणूनच भेटला नव्हता. दोघं एकाच दिशेने, एकाच चालीने, सकाळपासून एकमेकांच्या मागे अर्धा अर्धा डोंगर. मी म्हणत होते तो आला नाही, आणि तो तिकडे म्हणत असणार की ही आली नाही, म्हणजे नाहीच म्हणाली.

आता तो पलीकडे झाडांत असेल. तिथून मागच्या गोंपाला पोचेल आणि गाडीत बसेल. मी इथूनच मागे फिरले असते तर बरोबर त्याच वेळी तिथे पोचले असते.

"फीर मागे," आजी हळूच म्हणाली. "मला काही दिसत नाही. मी कुणाला सांगणार नाही."

एवढं सोपं होतं. पण गावाच्या अंगाने शंखाचा आवाज आला, पूजा उठत आली होती. माझ्या बापाला वाटेचा शेवटचा पाव हिस्सा एकट्याने चालायला लावायचं? तोही माझ्यासारखाच, अंधाराला घाबरणारा. दिवा ठेवून झोपायचा आणि सांगायचा की पाल्झोम घाबरते. मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. मग पुढे निघाले. झऱ्यापासून गावापर्यंत रडत गेले, पण थांबले नाही.

मी गोंपाच्या दारात पोचले तेव्हा लामांनी कागद हातात घेतला होता. त्याच्यावर पालांचं नाव. मी आत बसले, धापा टाकत. कागद पेटला, काळा झाला, राख झाली. लामा म्हणाले, आता त्याला हाक मारायची नाही, तो गेला. मी मान डोलावली. बाहेर आले तर समोरच्या उतारावर, पार खाली, धुळीचा लोट. मंडळींची गाडी नदीकडे उतरत होती.

बायांनी मला जवळ घेतलं. सगळ्यांना वाटलं मी बापासाठी रडतेय. बापासाठीही होतंच.

माणसं चहाला बसली. मी उठले. वेशीच्या स्तूपापाशी आले आणि वळले. डावीकडे. डोंगर डाव्या हाताला.

मागून कुणीतरी म्हणालं, पाल्झोम, वाट चुकलीस. मी म्हटलं, नाही. आणखी कुणीतरी म्हणालं, तिला सोडा, डोकं ठिकाणावर नाही तिचं. काय करायचं होतं मला? गाडी तर गेली होती. त्याला कळणारही नव्हतं. पण तो माझ्यासाठी आपल्या देवांकडे पाठ करून दोन फेरे चालला होता, आणि मला त्याचं काही तरी करायचं होतं. फेऱ्यांचा शब्द पुरा झाला होता. आता पाय माझे होते.

सगळा डोंगर अनोळखी होता. जन्मभर ज्या दगडांची एकच बाजू बघितली, त्यांची दुसरी बाजू. एका खडकाला मागून हिरवंगार शेवाळ होतं, मला माहीतच नव्हतं. वळणावरून एकदम बर्फाची रांग समोर येते, ती आमच्या दिशेने चालताना पाठीशी राहते. हे सगळं तो रोज बघत होता. कधी सांगितलं नाही. की सांगायला चार भेटी पुरल्या नसत्या? मला त्याची इतकी आठवण आली की मी मोठ्याने त्याचं नाव घेतलं. ऐकायला होतंच कोण.

आणि समोरून कुणीतरी येत होतं.

पाठीवर बोचकं, काखेत कढई. डोंगर त्याच्या उजव्या हाताला. मला बघून तो जागीच उभा राहिला. मीही.

"तू आज आलीच नाहीस," तो म्हणाला. आवाज बसला होता.

"दोन्ही फेरे आले. तुझ्या मागे अर्धा डोंगर. तुला वळायला सांगितलं कुणी होतं?"

"वाटलं, एवढं मोठं उत्तर तुला एका पावलात द्यायला नको लागावं... बरोबर चालत देशील. तुला गाठायला केवढा जोरात चाललो."

"आणि मी रागाने जोरात चालले."

तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही. खाली झऱ्याचं पाणी वाजत होतं.

"गाडी गेली," मी म्हणाले. "मी बघितली."

"हो. त्यांना म्हटलं, मला एका घरी जाऊन 'नाही' ऐकायचं आहे. ते ऐकतो आणि मागून पायी येतो."

"चार दिवस पायी?"

"'नाही' ऐकलेल्या माणसाला कसली घाई असते, पाल्झोम?"

रात्रभर जुळवलेलं ते लांबलचक उत्तर, अटींसकट, मला एक अक्षर आठवेना. जवळ गेले. त्याच्या काखेतली कढई काढून घेतली. जड होती.

"राहा," मी म्हणाले. "मला फार एकटं वाटतं. तू राहा."

त्याने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले आणि म्हणाला की मिरं गेलं डोळ्यात. मी म्हटलं, असेल.

मग प्रश्न पडला की जायचं कुठल्या अंगाने. एकीकडे त्याचे तीन म्हातारे, दुसरीकडे माझं सगळं गाव, चहा पिऊन बाहेर येऊन उभं असणार. त्याने विचारलं, कुठे बोलणी कमी बसतील? मी म्हटलं, कुठेच नाही. आम्ही गावाच्या बाजूने निघालो. वाट एकाच माणसाची, म्हणून तो पुढे आणि मी मागे, मध्ये कढईचा एक कान त्याच्या हातात आणि एक माझ्या. वेशीपाशी माणसं दिसायला लागली तेव्हा त्याची चाल मंदावली. मी त्याला मागून सांगितलं, थांबू नकोस, चालत राहा.